वैशालीची बोटं मी पाहिली होती

ऑस्ट्रेलियात माणूस आजारी पडला की डॉक्टरकडे जातो, असं आपण म्हणतो. खरं तर तो आधी काउंटरमागच्या बाईकडे येतो. एकोणीस वर्षं ती बाई मी होते. डँडेनॉन्गमध्ये, फोस्टर स्ट्रीटवरच्या आपल्या साड्यांच्या आणि किराण्याच्या दुकानांपासून चालत दहा मिनिटांवर आमचं क्लिनिक होतं. गळ्यात नावाचा बिल्ला, कानाला हेडसेट आणि समोर संगणकावर दिवसाचा तक्ता. वसईहून आले तेव्हा वाटलं होतं, वर्षभर करू, मग काहीतरी बरं बघू. ते बरं काही आलं नाही, आणि हे काम मला जमत गेलं.

मंडळाच्या नाताळ अंकासाठी संपादकांनी करोनाकाळातल्या सेवेवर लिहायला सांगितलंय. सेवेबद्दल मला एक प्रशस्तिपत्रक मिळालेलं आहे, त्यामुळे तो विषय संपला. मी लिहिते आहे ते कामाबद्दल.

आधी काम समजावून सांगते. तक्त्यात प्रत्येक डॉक्टरचा एक उभा रकाना आणि त्यात दहा-दहा मिनिटांचे चौकोन. घसा दुखतो, लस घ्यायची आहे, कामावर द्यायला सर्टिफिकेट हवंय, ही माणसं एका चौकोनात मावतात. भिंतीवर आम्ही पाटीच लावली होती, ‘एका भेटीत एकच तक्रार’. ती पाटी मीच लॅमिनेट करून आणली होती. पण काही माणसांचं शरीर एका वेळी पाच ठिकाणी कुरकुरतं, आणि पाचांतलं एकही दुखणं दवाखाना हलवून सोडण्याइतकं मोठं नसतं. ती माणसं चौकोनात मावत नाहीत. त्यांच्या नावापुढे आम्ही ‘वेळ लागतो’ अशी नोंद करायचो. डॉक्टर ती नोंद वाचून, पेशंट आत यायच्या आधीच घड्याळाकडे बघायचे.

आणखी एक गोष्ट. इथे तुम्ही स्वतः उठून सांध्यांच्या किंवा फुप्फुसांच्या डॉक्टरकडे जाऊ शकत नाही. आधी जीपीची, म्हणजे आपल्या साध्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. सरकारी हॉस्पिटलात कुणीतरी ती चिठ्ठी वाचतं आणि ठरवतं, ह्या माणसाला महिन्याभरात बघायचं की वर्षभराने. माणूस त्यांना दिसत नाही, चिठ्ठी दिसते. त्या चिठ्ठ्या फॅक्सने पाठवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कोण कशी लिहितं हे मला तोंडपाठ होतं. आमच्याकडचे एक डॉक्टर लिहायचे, ‘थकवा, अंगदुखी. कृपया तपासावे.’ अशी चिठ्ठी ढिगाच्या तळाशी जाते.

सहा डॉक्टरांत नीट चिठ्ठी लिहिणारी एकच होती, हेलन. साठी उलटलेली, मंगळवार आणि गुरुवार, खोली नंबर चार. एक ग्रीक आजोबा पाकिटाच्या मागे तक्रारींची यादी करून आणायचे. इतर डॉक्टर पहिली ओळ वाचायचे आणि म्हणायचे, बाकीचं पुढच्या वेळी. हेलन पाकीट हातात घेऊन खालून वाचायला सुरुवात करायची. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, “ज्याची भीती वाटते ते माणूस शेवटी लिहितो.” आजोबांच्या यादीत सगळ्यात खाली होतं, ‘दोनदा पडलो’. वर होतं, ‘कानात मळ’.

अर्थात हेलनला रोज उशीर व्हायचा. साडेदहाचा पेशंट साडेअकराला आत जायचा. क्लिनिकचे मालक स्वतः डॉक्टर होते, अतिशय सभ्य बोलायचे. एके दिवशी मला म्हणाले, “लूसी, गेल्या तीन महिन्यांत हेलनला रोज किती उशीर झाला, ते काढून देशील?” मी दिलं. रोजची मिनिटं, लाल रंगात, छान आखून. ते म्हणाले, तुझ्यासारखं व्यवस्थित काम कुणी करत नाही. मला बरं वाटलं होतं.

वैशाली आमच्याकडे यायला लागली ती करोनाच्या आदल्या हिवाळ्यात. उरणची, पंचेचाळिशीच्या आतबाहेर. नवरा सुनील मशिनिस्टच्या व्हिसावर आलेला. ही जवळच्याच कारखान्यात चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या भरायची, थंड खोलीत, लोकरी टोपी घालून. मुलगी तन्वी अकरावीत. मी मराठी बोलते हे कळल्यावर वैशाली माझ्याच खिडकीशी येऊन उभी राहायला लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा फॉर्म भरायला मी पेन दिलं. तिला ते धरता येईना. बोटं पांढरी होती, पिठात बुडवून काढल्यासारखी. मी बघत असतानाच ती निळसर झाली, आणि खोलीच्या उबेत हळूहळू लाल.

“हे काय गं?” मी विचारलं.

“थंड खोलीत काम ना, ताई. सगळ्यांनाच होतं.”

सगळ्यांना होत नाही. त्या कारखान्यातल्या निम्म्या बायका आमच्या पेशंट होत्या. तशी बोटं मी दुसऱ्या कुणाचीही पाहिली नव्हती.

त्या हिवाळ्यात वैशाली आमच्या चार डॉक्टरांकडे गेली. एकाने छातीतल्या जळजळीवर गोळी दिली, एकाने लोहाची. तिसरे म्हणाले, वय आहे, पाळी जायची वेळ आली. चौथे म्हणाले, नवा देश आहे, ताण असतो. चौघांचंही आपापल्या दहा मिनिटांपुरतं बरोबर होतं. बोटांचं कुणाकडे निघालं नाही, कारण आत जाईपर्यंत बोटं गरम झालेली असायची, आणि वैशाली इंग्लिशमध्ये सांगायची तेव्हा ‘कोल्ड हँड्स’ एवढंच सांगायची. डँडेनॉन्गमध्ये जुलैत, म्हणजे भर हिवाळ्यात, कुणाचे हात थंड नसतात?

चौथ्या भेटीनंतर ती माझ्यापाशी आली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, “ताई, एक विचारू? ह्यांच्यात नीट ऐकून घेणारं कोण आहे?”

मी म्हणाले, “सगळेच चांगले आहेत गं.”

मला असं बोलायचं कारण नव्हतं असं नाही. एका डॉक्टरला दुसऱ्यापेक्षा चांगलं म्हणायचं नाही, असा नियम होता. हेलनकडे माणसं वळवते म्हणून मला एकदा समज मिळाली होती. पण ही सगळी कारणं दुसऱ्या क्रमांकाची. पहिलं कारण हे की हेलनच्या लांब भेटी मोजक्या असायच्या आणि माझा नवरा पास्कल तिचा पेशंट होता. त्याला मधुमेह, त्यात किडनीची कुरबुर. तक्ता उघडला की सगळ्यात आधी मी त्याच्या नावाचे चौकोन भरून ठेवायचे. हेलनकडे आणखी एक वेळखाऊ पेशंट गेला तर आमची जागा कमी होणार, एवढा साधा हिशोब होता. तो मी डोक्यात केला आणि तोंडाने ‘सगळेच चांगले’ म्हटलं. वैशालीने मान हलवली आणि पाचव्या डॉक्टरची वेळ घेतली.

मग करोना आला. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सगळं फोनवर गेलं. मालकांनी सांगितलं, फोनची भेट दहा मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. हेलन म्हणाली, मला दिसत नाही तेव्हा तर मला जास्त वेळ लागेल. त्यावर मालकांनी तिच्यापुढे तो लाल कागद ठेवला. ती तो वाचत होती तेव्हा मी दारातच उभी होते. माझं अक्षर तिला ओळखू यायची सोय नव्हती, छापलेलंच होतं. पण जाताना ती मला म्हणाली, “चांगलं आखलं आहेस.” रागाने नाही म्हणाली. पंधरा दिवसांत ती शेजारच्या नोबल पार्क उपनगरातल्या एका लहानशा क्लिनिकमध्ये गेली. पास्कलची फाईल मी त्याच आठवड्यात तिकडे पाठवली. बाकीच्या पेशंटना आम्ही सांगायचो, डॉक्टर हेलन आता इथे नसतात, तुम्हाला दुसऱ्या कुणाची वेळ देऊ का?

दुसरा लॉकडाऊन भर हिवाळ्यात आला आणि लांबला. माझी जागा आता दाराबाहेर होती. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, हातात ताप मोजायचं यंत्र. येणाऱ्याला चार प्रश्न विचारायचे. ताप आहे? खोकला? दम लागतो? वास येईनासा झालाय? एकाला जरी ‘हो’ आलं तरी आत सोडायचं नाही. टेस्ट करून या, निगेटिव्ह आली तरी खोकला असेपर्यंत फोनवरच बोला.

वैशालीला खोकला सुरू झाला होता. कोरडा, बारीक, न थांबणारा.

“ताई, हा जुना आहे. करोनाच्या आधीपासूनचा,” ती दारात म्हणाली.

“मला कळतं गं. पण नियम आहे. टेस्ट करून घे.”

तिने केली. निकाल येईपर्यंत घरी बसावं लागलं, कामाचे दिवस गेले. निगेटिव्ह. पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा सुनील बरोबर होता. वारा असा होता की मला माझ्याच ढालीचा आवाज ऐकू येत होता. वैशालीने हात जॅकेटच्या बाह्यांत ओढून घेतले होते. रिपोर्ट दाखवायला तिने मोबाईल पुढे केला तेव्हा मला दिसलं, दोन बोटांच्या टोकांना जखमा होत्या. लहान, खोल, सुईने टोकरल्यासारख्या.

सुनील म्हणाला, “मॅडम, पाच मिनिटं आत बघितलं असतं तर. हिला जिना चढवत नाही.”

“फोनवर वेळ देते. आजचीच देते,” मी म्हणाले.

“फोनवर ते विचारतात, हाऊ आर यू. मी काय सांगू?” वैशाली म्हणाली.

सुनीलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “चल. त्यांचं पण काम आहे.”

त्या दुपारी डॉक्टरांनी तिला फोन केला. सहा मिनिटं. नोंद माझ्या डोळ्यांखालून गेली, ‘करोनाबद्दल चिंता. धीर दिला.’ त्यानंतर वैशाली यायची बंद झाली. खोकला सांगितला की काम बुडतं हे तिला कळलं होतं, म्हणून ती तो सांगेनाशी झाली. आमच्या तक्त्यावरून तिचं नाव गेलं. तक्त्याच्या दृष्टीने ती बरी झाली होती.

सप्टेंबरात एका सकाळी फोन वाजला. पलीकडे तन्वी होती. तिला मराठी समजतं, पण ती इंग्लिशमध्येच बोलायची. म्हणाली, “Mum can't finish a sentence anymore. Has any one of you actually looked at her?”

मी नेहमीचं वाक्य म्हणणार होते, आजच्या फोनच्या वेळा भरल्या आहेत, उद्या आठला पुन्हा करा. हेडसेटमध्ये मला मागून वैशालीचा आवाज आला. ती मुलीला सांगत होती, “असू दे गं, त्या ताई चांगल्या आहेत.” एवढं बोलायला तिने मध्ये तीनदा श्वास घेतला.

मी तन्वीला म्हणाले, आज मीच तुला परत फोन करते. जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये गेले आणि हेलनच्या मोबाईलवर फोन लावला. आमचा पेशंट दुसऱ्या क्लिनिककडे पाठवणं ही नोकरी जाण्याची गोष्ट होती. हेलनने उचलला. मी वैशालीचं वय, औषधं, रिपोर्ट, असं फाईलमधलं सांगायला लागले.

“ते राहू दे,” ती म्हणाली. “तू स्वतः काय पाहिलंस ते सांग.”

मी बोटांचं सांगितलं. पांढरी, निळी, लाल. पेन धरता न येणं. मग टोकांच्या जखमा. खोकला, दम.

“बोटं कधीपासून?”

“मागच्या हिवाळ्यापासून.”

“मी तिथेच होते तेव्हा.”

“हो.”

मग ती म्हणाली, “उद्या दोन वाजता पाठव. गाडीतून उतरू नको म्हणावं, मी बाहेर येईन.”

पुढचं मला वैशालीने नंतर सांगितलं. हेलन निळा गाऊन आणि दोन मास्क घालून पार्किंगमध्ये आली आणि मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसली. काचा उघड्या. तन्वी पुढे बसून दोघींमधलं बोलणं इकडून तिकडे करत होती. हेलनने एकेक बोट हातात घेऊन बघितलं, कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला, ती धरता येईना. मग म्हणाली, तोंड उघड आणि तीन बोटं उभी आत घाल. दोनच गेली. वैशाली मला म्हणाली, “ताई, मला वाटायचं भूक कमी झाली म्हणून घास लहान झालाय. तोंडच लहान झालं होतं.” शेवटी पाठीला स्टेथोस्कोप लावून हेलन इतका वेळ ऐकत राहिली की तन्वीने मागे वळून पाहिलं. चाळीस मिनिटं लागली. चार चौकोन.

त्याच दुपारी हेलनने दोन पानी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी ढिगात जाणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने हॉस्पिटलात फोन लावला आणि तिथला डॉक्टर लाईनवर येईपर्यंत फोन सोडला नाही. आठवड्याभरात वैशालीला बोलावणं आलं. आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. कातडी घट्ट होत जाते आणि आतले अवयवही. तिची फुप्फुसं घट्ट व्हायला लागून वर्ष तरी झालं होतं. औषधाने पुढची घसरण धीमी करता येते. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. हे तिथल्या डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं, आणि मग विचारलं, तुम्ही इतके दिवस कुणाला दाखवलं कसं नाही? दुभाषी फोनवर होता. वैशालीने त्याला सांगितलं, “दाखवलं म्हणावं. पाच जणांना.”

मी मालकांकडे गेले. मास्क, ढाल सगळं काढून, दार लावून, झालेलं सांगितलं. हेलनला केलेल्या फोनसकट. ते नीट ऐकत होते. म्हणाले, अशा दुर्मीळ केसेस दशकातून एकदा येतात, तिच्यासाठी सगळी पद्धत बदलता येणार नाही. मग म्हणाले, “लूसी, तू दमली आहेस. सुट्टी घे.” मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी केक होता. ‘एका भेटीत एकच तक्रार’ची पाटी मी भिंतीवरून काढून पिशवीत घातली. दुसऱ्याच आठवड्यात तिथे नवी लागल्याचं कळलं, मोठ्या अक्षरांत.

घरी माणसं बोलवायची परवानगी मिळाली तेव्हा मी वैशालीकडे गेले. तिने चहा टाकला होता. साखरेच्या डब्याचं झाकण तिला उघडेना, मी उघडून दिलं. आम्ही बसलो. मी ठरवून गेले होते, म्हणून लगेच बोलले.

“वैशाली, तू मला विचारलं होतंस, नीट ऐकणारं कोण म्हणून. तेव्हा हेलन आमच्याकडेच होती. चार नंबरमध्ये.”

“माहितीये मला,” ती म्हणाली.

मी साखरेच्या डब्याचं झाकण परत लावलं.

“बाहेर बसून दिसतं ना, ताई. त्या खोलीपुढची माणसं तास तास बसायची, पण उठून कुणी जायचं नाही. मी ओळखलं. मला वाटलं, तुम्ही त्या बाईंना आपल्या माणसांसाठी राखून ठेवलं असेल.” मग तिने दुरुस्त केलं. “आपल्या म्हणजे, तुमच्या.”

पास्कलचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

“मग तू स्वतःहून तिची वेळ का नाही मागितलीस?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात,” ती म्हणाली. “मग मला पुढच्या वेळी तुमच्याशी मराठीत बोलायची लाज वाटली असती.”

तिने चहा गाळला. बोटं नीट वळत नव्हती, तरी तिने मला गाळू दिला नाही. ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तर तयारही होतं, घरून येताना गाडीत म्हणून पाहिलेलं. ते तसंच राहिलं.

निघताना ती म्हणाली, “पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलात श्वासाची तपासणी आहे. बरोबर एकच माणूस चालतं. सुनीलची शिफ्ट आहे, तन्वीची परीक्षा. तुम्ही याल?”

“येईन.”

“तुम्हाला त्यांची भाषा येते. इंग्लिश नाही म्हणत मी. काउंटरची.”

गुरुवारी गेलो. तिच्या पाठीवरच्या पिशवीत ऑक्सिजनचं लहान यंत्र होतं, ते घरघरत होतं. लिफ्टपासून काउंटरपर्यंत ती दोनदा थांबली. काचेमागे एक तरुण मुलगी होती, कानाला हेडसेट, अगदी नीटनेटकी. तिने संगणकावरून मान न उचलता नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, खोकला आहे का विचारलं. मी पुढे होऊन सांगितलं, खोकला आजाराचा आहे, टेस्ट निगेटिव्ह आहे, हा रिपोर्ट, ही डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तिला बसायला खुर्ची द्या, उभं राहवत नाही. मुलीने तेव्हा वर पाहिलं. खुर्ची मागवली.

मग तिने मला विचारलं, “Are you family?”

मी तोंड उघडणार होते. वैशालीने श्वास घेतला आणि माझ्या आधी उत्तर दिलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करत.

“No. She is from the clinic.”

मुलीने तसं टाईप केलं. मी वैशालीची फाईल उचलली आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.